उभ्या लढाऊ विमानाची निगा: बेळगाव, खानापूर, कारवारच्या हवेत

निवृत्त विमान चौथऱ्यावर चढतं त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे असतं. क्रेन येते, हार पडतात, फोटो होतात. पुढे दरवर्षी १५ ऑगस्टच्या आधी रंगाचा एक हात बसतो आणि आत काय चाललंय ते कुणी बघत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव, जूनमध्ये मृग आणि मग गणपती उठेपर्यंत सरी. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-आमगावकडे तर पाऊस बेळगाव शहराच्या कित्येक पट. पण विमानाचा घात नुसता पाऊस करत नाही. तो करतं आत शिरून साचलेलं पाणी. सेवेत असताना हेच विमान पावसात उभं राहायचं, पण तेव्हा पाण्याला बाहेर पडायची वाट मोकळी होती आणि रोज कुणीतरी ती तपासत होतं. म्हणून निगा राखायची म्हटली की आधी पाण्याच्या वाटा, मग धातू, आणि रंग सगळ्यात शेवटी. कमिट्यांचा क्रम नेमका उलटा असतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, तेव्हा अशी विमानं मागणाऱ्या संस्था वाढणार हे उघड आहे. खालची माहिती त्याच आकाराचं, धातूचं, उघड्यावर उभं विमान डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

हात लावण्याआधी

ज्या विभागाने विमान दिलं त्याचं वाटपपत्र काढून नीट वाचा. भोक पाडणं, भाग काढणं, रंगसंगती बदलणं याला कुणाची परवानगी लागते ते त्यावरून ठरतं. परवानगी तोंडी घेऊ नका.

त्याच फाइलमध्ये एक कागद असायलाच हवा: इजेक्शन सीटची (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीची) आणि कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उडवणारी काडतुसं काढून घेतल्याचं लेखी पत्र. तो कागद नसेल तर कॉकपिटमध्ये कुणी बसायचं नाही, शाळेच्या कार्यक्रमात पोरांना तर मुळीच बसवायचं नाही. सीटचं हँडल ओढून बघायचं नाही, लाल पिना हलवायच्या नाहीत. काडतूस जुनं झालं म्हणजे निकामी झालं असं नसतं. उलट जुन्या दारूवर भरवसा ठेवता येत नाही. पत्र मिळेपर्यंत कॅनोपीला कुलूप.

दाबाखाली असलेले भाग हा दुसरा धोका. चाकांचे शॉक स्ट्रट (धक्का झेलणारे पाय), हायड्रॉलिकचे अ‍ॅक्युम्युलेटर (दाब साठवणाऱ्या टाक्या), ऑक्सिजनच्या आणि हवेच्या बाटल्या, आग विझवणाऱ्या बाटल्या यांत वर्षानुवर्षं दाब टिकून राहू शकतो. गंजलेला व्हॉल्व्ह पाना लावून सैल केला तर तो गोळीसारखा सुटतो. हे काम त्या प्रकारच्या विमानावर काम केलेल्या निवृत्त तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावं. बेळगावजवळ सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे आपल्या भागात निवृत्त हवाई सैनिक भेटतात. त्यांतले कुणी इंजिनवर होते, कुणी एअरफ्रेमवर म्हणजे सांगाड्यावर, कुणी इलेक्ट्रिकलवर. ज्याचं काम त्यालाच विचारा.

टाक्यांत इंधनाची वाफ राहिलेली असू शकते. विमानावर किंवा त्याला टेकलेल्या लोखंडी आधारावर वेल्डिंग करायचं नाही. आधार बाहेर वेल्ड करून आणावा आणि जागेवर बोल्टने जोडावा. चाकांच्या रिम आणि काही गिअरबॉक्सची आवरणं मॅग्नेशियमची असतात. त्यांना ग्राइंडर लावला तर भुकटी पेट घेते आणि त्या आगीवर पाणी मारलं की ती आणखी भडकते. कोरड्या वाळूच्या दोन बादल्या कामाच्या जागी भरून ठेवा.

दुसऱ्या महायुद्धापासून साठच्या दशकापर्यंतच्या कित्येक विमानांत कॉकपिटमधल्या मोजमापाच्या घड्याळांच्या काट्यांवर रेडियम असलेला रंग असे. काटे आता चमकत नाहीत म्हणून रेडियम संपलं असा समज करून घेऊ नये. मेलेला असतो तो चमकणारा पदार्थ. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे. अशा घड्याळाची काच उघडू नये, आतली भुकटी पुसू नये. काच फुटलेली असेल तर कॉकपिट बंद करून अणुऊर्जा नियामक परिषदेच्या नियमांप्रमाणे पुढचं पाऊल उचलावं. ब्रेकच्या पट्ट्या आणि इंजिनाभोवतीच्या उष्णतारोधक आवरणांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तेही घासायचं नाही.

पाण्याच्या वाटा

प्रत्येक विमानाच्या पोटाला, पंखांच्या खालच्या बाजूला, शेपटीच्या टोकाला आणि हलणाऱ्या पृष्ठभागांच्या कडांना निचऱ्याची बारीक भोकं असतात. कारखान्याने ती केली विमान तीन चाकांवर आडवं उभं राहणार हे धरून. आपण काय करतो? छान दिसावं म्हणून नाक वर करून, एका पंखावर कलतं करून खांबावर बसवतो. त्याच क्षणी त्या भोकांचा उपयोग संपतो, कारण सगळ्यात खालची जागा बदललेली असते. नाक वर असेल तर पाणी धडातून मागे वाहत जाऊन शेपटीच्या शेवटच्या फ्रेमपाशी अडतं. फ्लॅप आणि एलेरॉनमध्ये (पंखामागचे हलणारे पल्ले) ते मागच्या धारेत साचतं. डावीकडे कललेलं असेल तर डाव्या पंखाचं टोक भरतं. शेपटीत दहा-पंधरा लिटर पाणी घेऊन उभं असलेलं विमान बाहेरून अगदी ठणठणीत दिसतं.

पाणी साचलंय का हे बघायच्या दोन रीती आहेत. थंडीत सकाळी दव पडलेलं असताना सात-साडेसातला जा. ऊन लागलं की रिकाम्या भागावरचं दव लवकर सुकतं. आत पाणी असेल तिथला पत्रा थंड राहतो आणि दव उशिरापर्यंत टिकतं. तळहात फिरवत गेलं तर पाण्याची पातळी कुठवर आहे ती रेघसुद्धा कळते. दुसरी रीत मोजमापाची: कोरड्या दिवशी पाठीवरच्या तपासणीच्या झाकणातून एक लिटर स्वच्छ पाणी हळूहळू ओता, खाली बादल्या लावा आणि दहा मिनिटं थांबा. ९०० मिलिलिटर किंवा जास्त बाहेर आलं तर वाट चांगली. पाऊण लिटरच्या खाली आलं तर कुठेतरी अडतंय. कॉकपिट आणि विजेची उपकरणं असलेल्या कप्प्यांत मात्र पाणी ओतायचं नाही.

असलेली भोकं मोकळी करताना लोखंडी तार किंवा ड्रिल वापरू नका. कडांवरचा संरक्षक थर खरवडला जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो. गवत कापायच्या यंत्राची दोन ते अडीच मिलिमीटरची नायलॉन दोरी घ्या, टोक तिरकं कापा, भोकात फिरवा आणि मग हलक्या हवेने फुंका. निघणारा चिखल पांढऱ्या फडक्यावर घेऊन बघायचा. नुसती लाल माती असेल तर काळजी नाही. त्यात पांढरी-करडी भुकटी असेल तर आत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातंय.

विमान खांबावर असेल तर नव्या सखल जागी नवी भोकं लागतात. लेखी परवानगीनंतरच, आणि अशी: व्यास ६ ते ८ मिमी. तीन मिलिमीटरचं भोक पुरेल असं वाटतं, पण तेवढ्या भोकात पाण्याचा थेंब ताणून बसतो आणि त्यावर धूळ चिकटून बूच तयार होतं. जागा रिव्हेटच्या दोन रांगांच्या मध्ये, कुठल्याही रिव्हेटपासून किंवा कडेपासून निदान २० मिमी लांब. ड्रिलच्या टोकापासून ५ मिमीवर टेप किंवा स्टॉप कॉलर लावा, म्हणजे आतली नळी किंवा फ्रेम टोचली जाणार नाही. कडा गोल करा, आतबाहेर प्राइमर लावा. विमान दुर्मीळ असेल किंवा कधीतरी उडवण्याचा विचार असेल तर भोक पाडू नये. त्याला आडवं उतरवून वर छप्पर घालणं हाच मार्ग.

वरच्या बाजूच्या फटी बंद करायच्या, खालच्या मोकळ्या ठेवायच्या. उत्साही मिस्त्री सगळीकडे सीलंट फिरवतो आणि पोटाच्या सांधीसुद्धा बुजवतो. मग शिरलेलं पाणी कायमचं अडकतं. सीलंटही कुठलंही चालत नाही. न्हाणीघरात वापरतात त्या साध्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा वास आहे आणि ते अ‍ॅसिड अ‍ॅल्युमिनियमला खातं. ट्यूबवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं बघून घ्या, मिळालं तर विमानांसाठीचं पॉलिसल्फाइड सीलंट उत्तम.

पाखरं, गांधीलमाश्या, मोहोळ

हवा घेण्याचं तोंड आणि मागचा धुराडा म्हणजे साळुंक्या-पारव्यांना आयती जागा. घरट्यातलं गवत महिनोन् महिने ओल धरतं आणि शीट रंगाखालून धातू पोखरते. लाकडी फळीने तोंड ठोकून बंद केलं की पाखरं थांबतात खरी, पण आतली हवा कोंडते आणि घाम धरतो. त्यापेक्षा १२ मिमीची वेल्ड मेश जाळी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत बसवून, आतल्या बाजूने रबराच्या पट्टीवर टेकवून लावावी. पुढून मागे वारा खेळला पाहिजे. घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा आणि मगच जाळी बसवा.

वेग मोजणारी पुढची नळी गांधीलमाश्या मातीने बुजवतात, तिला कापडी टोपी घाला. पंखाखाली आग्या मोहोळ बसलं तर मधपाळाला बोलवा. टाकीखाली धूर करायचा प्रयत्न कुणी करू नये.

धुणं

वर्षातून चार धुण्या पुरतात: होळीच्या सुमारास, मृगाच्या आधी मेअखेर, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये आणि डिसेंबरात. वेळ सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी. तापलेल्या पत्र्यावर साबण सुकतो आणि डाग पडतो.

मिग-२१ एवढ्या विमानाला ५०० लिटरची टाकी पुरते. शेवटच्या खळबळणीला बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार सांध्यांत राहतात. जवळच्या छपरावरून धरलेलं पावसाचं पाणी त्यासाठी उत्तम, पण पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्या. साबण पीएच ७ च्या आसपासचा गाडीचा शाम्पू, दहा लिटर पाण्याला २० ते ३० मिली. भांड्यांच्या द्रव साबणात दाटपणासाठी बऱ्याचदा मीठ घालतात, म्हणून तो टाळा. कपड्यांचा सोडाही नको.

आधी नुसतं पाणी, मग साबण खालून वर, म्हणजे ओघळांचे पट्टे पडत नाहीत. खळबळताना मात्र वरून खाली. प्रेशर वॉशर सांध्यांवर आणि रिव्हेटवर मारू नये. ते पाणी आत ढकलतं, आणि आपण एवढे कष्ट घेतो ते पाणी बाहेर काढण्यासाठी. पंखावर चढताना फक्त आखून दिलेल्या पट्ट्यातच, आणि बूट काढून. उंचीवर परांची आणि सुरक्षा पट्टा हवाच, शिडी विमानाला टेकवायची नाही.

कॅनोपी काचेची नसते, अ‍ॅक्रिलिकची असते. पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन किंवा अमोनिया असलेला ग्लास क्लीनर लागला की तिच्यात केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पसरतं. ते पुन्हा जात नाही. भरपूर पाणी सोडा, अंगठ्या काढून उघड्या तळहाताने चोळा म्हणजे वाळूचा कण बोटाला कळतो. नंतर मऊ सुती कापडाने उभ्या रेषेत पुसा, गोल फिरवू नका, गोल ओरखडे उन्हात जास्त चमकतात. वरून पांढऱ्या जाड सुती कापडाची खोळ. काळं प्लॅस्टिक किंवा ताडपत्री आवळून बांधली तर आत उष्णता आणि वाफ दोन्ही कोंडतात, कॉकपिटमधलं रबर आणि वायरींचं आवरण चिकट होऊन गळतं.

धातूची पांढरी कीड

विमानाचा पत्रा म्हणजे तांबं घातलेलं अ‍ॅल्युमिनियम. ताकदीला भारी, पण गंजाला हळवं. म्हणून दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर चढवलेला असतो, पत्र्याच्या जाडीच्या दोन ते पाच टक्के. एक मिलिमीटर पत्र्यावर तो थर नखाच्या ओरखड्याएवढा. मिस्त्रीने चकाकी आणायला ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क फिरवली की अर्ध्या मिनिटात तो गेला, आणि विमानाचं आयुष्यही त्यासोबत कमी झालं. तारेच्या ब्रशने वेगळा घोळ होतो. पोलादाचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि प्रत्येक कणाभोवती ओलीत विजेची सूक्ष्म बॅटरी तयार होऊन खड्डा पडतो. स्टील वूलसुद्धा याच कारणाने बाद.

काय शोधायचं: रंगावर फोड, रिव्हेटच्या डोक्याभोवती करडं वलय, सांध्यातून येणारी पांढरी भुकटी, दोन रिव्हेटच्या मध्ये पत्रा उशीसारखा फुगलेला. हा शेवटचा प्रकार गंभीर आहे. सांध्यात तयार झालेली गंजाची भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि पत्र्याला आतून उचलते. जाड, जस्त घातलेल्या भागांत धातू पापुद्र्यांनी सुटतो, नखाने टोकरलं तर थर वेगळे होतात. असं पंखाच्या मुळाशी, पंखाचा भार पेलणाऱ्या मुख्य दांडीजवळ किंवा खांबाच्या पकडीजवळ दिसलं तर विमानाखालून माणसांची ये-जा बंद करा आणि संरचना अभियंत्याला बोलवा.

साध्या डागावर उपाय साधा आहे. सैल रंग प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा. भुकटी नायलॉनच्या खरखरीत पॅडने ओल्यातच घासा. कोरडं घासू नका, कारण जुन्या विमानांच्या पिवळट-हिरव्या प्राइमरमध्ये क्रोमेट असतं आणि ती धूळ कर्करोगाला कारण ठरते. बारीक धूळ अडवणारा पी३ दर्जाचा मास्क, हातमोजे, आणि निघालेला गाळ गोळा करून वेगळ्या डब्यात ठेवायचा, गटारात नाही. मग फॉस्फोरिक अ‍ॅसिडवर आधारलेला अ‍ॅल्युमिनियम क्लीनर डब्यावर लिहिलं असेल तेवढीच मिनिटं, भरपूर पाणी, पूर्ण वाळवणी, आणि त्याच दिवशी प्राइमर.

आतल्या बाजूसाठी पाणी हाकलून मेणासारखा थर ठेवणारं गंजरोधक मिळतं. ऑक्टोबरच्या धुण्यानंतर आठवडाभर झाकणं उघडी ठेवून विमान आतून खडखडीत वाळवा, मग लांब नळीच्या फवाऱ्याने फ्रेमच्या तळाशी आणि सांध्यांत सोडा. लढाऊ विमानाला चार ते पाच लिटर लागतात. टायर, रबर आणि कॅनोपीवर उडू देऊ नका. निचऱ्याची भोकं त्यानेच बुजत नाहीत ना, ते दुसऱ्या दिवशी बघा. चाकांच्या स्ट्रटमधला चकचकीत क्रोमचा दांडा रंगवायचा नसतो. त्यावर ग्रीसचा पातळ हात पुरे.

रंग

रंगाचे दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी. दव आपल्याकडे नऊ-दहापर्यंत टिकतं, म्हणून हात दहाला सुरू आणि तीनला बंद, म्हणजे संध्याकाळच्या दवाआधी थर बसतो. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश जास्त हवं. स्वस्त आर्द्रतामापक आणि लेसर तापमापक घेतला की हे मोजता येतं.

घराच्या दारा-खिडक्यांचा ऑइल पेंट इथे चालत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर त्याला धर नाही, दोन पावसाळ्यांत पापुद्रे निघतात आणि पापुद्र्यामागे पाणी अडतं. पद्धत अशी: इपॉक्सी प्राइमरचे दोन हात, पॉलियुरेथेनचे दोन हात, प्रत्येक हात सुकल्यावर ३५ ते ४० मायक्रॉन. मिग-२१ चे पंख २३ चौरस मीटर, वर-खाली धरून ४६. धड आणि शेपूट मिळवून एकूण सव्वाशेच्या आसपास. लिटरला ८ चौरस मीटर धरलं तर एका हाताला १६ लिटर, म्हणजे प्राइमर ३२ आणि रंग ३२ लिटर, वर थोडी तूट. एका वेळी दोन लिटरच कालवा, हार्डनर मिसळल्यावर रंग काही तासांत आवळतो. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक आहे. ताजी हवा पुरवणारा मास्क नसेल तर स्प्रे करू नका, रोलर आणि ब्रशने काम करा. आणि लांबी म्हणजे पुट्टी भरायची नाही. ट्रॉली आणि बसच्या बॉडीवर काम करणारे पेंटर सवयीने खड्डा दिसला की पुट्टी लावतात. पुट्टी ओल धरते आणि खालचा गंज लपवते.

जुना रंग काढण्याआधी प्रत्येक खूण नोंदवा. फूटपट्टी शेजारी धरून फोटो, मोठ्या खुणांचे ट्रेसिंग पेपरवर ठसे, बारीक अक्षरांची यादी. ‘इथे पाय ठेवू नये’, ‘इथे जॅक लावा’ अशी छोटी अक्षरं आणि धातूची नोंदपट्टी याच विमानाची ओळख असतात. नोंदपट्टीवर मास्किंग टेप लावूनच रंग काढा. हवाई दलाच्या गोल चिन्हात केशरी बाहेर, मध्ये पांढरा आणि हिरवा आत असतो. चौकातल्या कित्येक विमानांवर पेंटरने हा क्रम उलटवलेला दिसतो. केशरी आणि हिरव्याची छटाही राजकीय झेंड्यांच्या डब्यातून घेऊ नये, जुन्या थराच्या न उन्हावलेल्या जागी, झाकणाच्या आत, मूळ छटा सापडते.

आधार आणि चाकं

विमान खांबावर धरायचं ते जॅकच्या जागी, मुख्य दांडीला किंवा चाकांच्या जोडणीला. पत्र्याला पकडून नाही. लोखंडी पकड आणि विमान यांच्यामध्ये ईपीडीएम रबराची ६ ते १० मिमी पट्टी द्या. नमदा, गोणपाट किंवा लाकूड ओल धरतं. अ‍ॅल्युमिनियम सिमेंटला टेकता कामा नये, काँक्रीटचा क्षार त्याला खातो. बोल्ट सीलंटमध्ये बुडवून बसवावेत, वॉशर नायलॉनचे. पकड आणि स्टँडचं काम बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमध्ये उत्तम होतं, मात्र गॅल्व्हनाइझ करून घ्या आणि भार-वाऱ्याचा हिशोब संरचना अभियंत्याच्या सहीने. वीज पडली तर ती जमिनीत जावी म्हणून खांबाला अर्थिंग जोडा. एलेरॉन, रडर (उभ्या शेपटीचा हलणारा पल्ला) वाऱ्याने आपटून बिजागऱ्या झिजतात, त्यांना आतून लॉक लावा.

चाकांवर उभं असेल तर वजन स्टँडवर घ्या, टायर जमिनीपासून ५ ते १० मिमी वर. टायरवर काळा ऑइल पेंट फासू नये, रबर तडकतं. कापडी खोळ घाला.

जुनं पिस्टन इंजिन

आपल्याकडचं ट्रेनर विमान म्हटलं की डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टने केलेलं, १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं एचटी-२ आठवतं. अशा विमानाचं पिस्टन इंजिन जेटपेक्षा वेगळी काळजी मागतं. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ५०-६० मिली संरक्षक तेल फवारा आणि प्लगच्या जागी सिलिका जेलचे पारदर्शक बूच लावा. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदला. त्यानंतर कुणी पंखा हाताने फिरवायचा नाही, कारण फिरताना पिस्टन तेलाचा थर पुसून काढतो. टायगर मॉथसारखं लाकूड-कापडाचं विमान उघड्यावर ठेवूच नये. खोलीत आर्द्रता ४५ ते ६० टक्के राखता येत नसेल तर ते मागायचं नाही.

कारवारकडे

किनाऱ्यावर गोष्ट बदलते. कारवारला आयएनएस चपल युद्धनौकेशेजारी नौदलाचं टुपोलेव्ह-१४२ आहे, ज्याचा ताफा २०१७ मध्ये निवृत्त झाला. खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या कुठल्याही विमानाला पावसाळ्यात महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्याबाहेर पंधरवड्याला, गोड्या पाण्याची खळबळणी हवी. पावसात उघडे भाग आपोआप धुतले जातात, पण पंखाखालच्या आणि चाकांच्या कप्प्यांतल्या मिठाला पाऊस लागत नाही. तिथेच आधी कीड लागते. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर, अ‍ॅलिझे, सुपर कॉन्स्टेलेशन जवळून बघता येतात. तिथे गेलात तर नुसते फोटो काढू नका, विमानांच्या पोटाखाली वाका आणि निचऱ्याचे ओघळ कुठून येतात ते बघा. बेंगळुरूच्या एचएएल संग्रहालयात मारुत, किरण, एचटी-२ आहेत, तिथे खुणा आणि रंगाचे बारकावे टिपावेत.

सांबरा १९४२ पासूनचं धावपट्टीचं ठिकाण असलं तरी आज तो हवाई दलाचा तळ आहे. कुंपणाबाहेरूनसुद्धा तळाचे फोटो काढू नयेत, ड्रोन तर अजिबात उडवू नये.

उडवण्याबद्दल

आपलं उभं विमान दुरुस्त करून उडवू असं कुणी म्हणालं तर आधी कागद मागा. उडण्यासाठी प्रत्येक बोल्ट, प्रत्येक नळी कधी बसवली, किती तास चालली याची अखंड नोंद लागते, आणि चौकात काही वर्षं काढलेल्या विमानाची ती साखळी तुटलेली असते. हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटमधलं (जुनी विमानं उडती ठेवणारं पथक) डकोटा मालवाहू विमान ‘परशुराम’ ब्रिटनमध्ये नव्याने घडवून २०१८ मध्ये उडत भारतात आलं. त्याला दिलेला व्हीपी ९०५ हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला शीख रेजिमेंटचे सैनिक उतरवणाऱ्या डकोटाचा आहे. ते काम कारखान्याचं होतं. आपलं काम आहे उभं विमान पुढच्या पिढीसाठी सुटं न होता, गंज न धरता ठेवायचं, आणि त्यातला कुठलाही भाग उडत्या विमानाला द्यायचा नाही.

नोंदवही

जाड पुठ्ठ्याची एक वही आणि फोन. विमानाभोवती बारा जागा जमिनीवर रंगाने आखून ठेवा. दरवर्षी मेअखेर आणि ऑक्टोबरात त्याच बारा जागांवरून, त्याच उंचीवरून फोटो. फोड किती वाढला हे डोळ्याला कळत नाही, दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की कळतं. वहीत तारीख, कुठल्या भोकातून किती पाणी निघालं, गाळाचा रंग, कुठला रंग किती लिटर, कुठल्या डब्याचा, कुणी लावला. काढलेला प्रत्येक स्क्रू झिप पिशवीत, जागेची चिठ्ठी आत घालून. कॉकपिटमधली घड्याळं चोरीला जातात, म्हणून प्रत्येकाचा फोटो आणि मागचा क्रमांक वेगळ्या पानावर. कमिटी बदलली की वही नव्या सचिवाच्या हातात सही घेऊन द्या आणि एक झेरॉक्स विमान दिलेल्या विभागाच्या फाइलला जोडा.